सांबरा ते उजळाईवाडी : दोन विमानतळांमधले अंतर आणि लागणारा वेळ

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आता एखादा तरी मुलगा किंवा मुलगी बेंगळुरूला, पुण्याला, मुंबईला, नाहीतर थेट समुद्रापलीकडे आहे. त्यामुळे गणपती-दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "काका, तिकीट कोल्हापूरचं काढू की बेळगावचं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "दोन्ही विमानतळांत अंतर तरी किती आहे हो?"

आम्ही सारी नोकरी बँकेत काढली, त्यामुळे कोणी आकडा विचारला की आम्हाला बरे वाटते. पण या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. नकाशावरचे अंतर वेगळे, रस्त्याचे वेगळे, तिकिटावर छापलेला वेळ वेगळा आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत लागणारा वेळ त्याहून वेगळा. कर्जाचा 'फ्लॅट' व्याजदर आणि घटत्या शिलकेवरचा व्याजदर, दोन्ही कागदावर खरे असतात, पण खिशातून जाणारी रक्कम त्यातला एकच दर सांगतो. इथेही तसेच आहे.

आधी सरळ रेषेचे अंतर पाहू. बेळगावचा विमानतळ सांबऱ्याला, शहराच्या पूर्वेस दहा-अकरा किलोमीटरवर. कोल्हापूरचा उजळाईवाडीला, शहराच्या आग्नेयेस, महामार्गाला जवळजवळ लागून. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन आम्ही वहीत गणित मांडले तेव्हा सरळ अंतर सुमारे ९६ किलोमीटर निघाले. वैमानिकांच्या हिशेबात हे साधारण ५२ सागरी मैल होतात, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मोबाइलवर एकाला ९६ दिसतात आणि दुसऱ्याला ५२, मग घरात वाद होतो. दोघेही बरोबर असतात, एकक वेगळे असते एवढेच.

या गणितात एक गंमत सापडली. सांबरा ते मुंबई सरळ अंतर सुमारे ४०३ किलोमीटर आणि उजळाईवाडी ते मुंबई सुमारे ३०८. फरक ९५ किलोमीटरचा, म्हणजे दोन विमानतळांमधल्या अंतराइतकाच. याचा अर्थ कोल्हापूर हे बेळगाव-मुंबई रेषेवर जवळपास येऊन बसले आहे, रेषेपासून फार तर दहा किलोमीटर बाजूला. आपली निपाणीही त्याच रेषेच्या जवळ आहे. विमाने नेहमी रेषा धरून जात नाहीत, नियंत्रण कक्ष सांगेल त्या मार्गाने जातात. तरी सांबऱ्याहून मुंबईला जाणारा निपाणीकर खिडकीत बसला, तर आपल्या गावाजवळून वर जातो आणि तिथे उतरायला त्याला मुंबईहून परत यावे लागते, असे म्हणायला हरकत नाही.

आता रस्ता. उजळाईवाडीहून सांबऱ्यापर्यंत सुमारे ११० ते ११५ किलोमीटर. ९६ च्या सरळ रेषेला हा रस्ता काही वाईट नाही, कारण पुणे-बेंगळुरू महामार्ग, म्हणजे जुना चार नंबर आणि आताचा ४८, आपल्या भागात बराचसा सरळ जातो. कागल, दूधगंगेचा पूल, मग राज्याची हद्द, कोगनोळीचा टोल नाका, सौंदलगा, यमगर्णीजवळ वेदगंगा, निपाणी, तवंदी घाट, कणगला, संकेश्वर, हत्तरगीचा टोल नाका, यमकनमर्डी, वंटमुरी घाट, काकती आणि बेळगाव. घाट म्हटले तरी हे सह्याद्रीचे घाट नव्हेत, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरवर निघून जाते. मार्ग मोकळा असेल तर दोन तास. बेळगावात शिरल्यावर महामार्ग सोडून बागलकोट रस्त्याला लागावे लागते. शाळा-ऑफिस सुटायच्या वेळी तिथे अर्धा तास आरामात जातो. म्हणून आम्ही सव्वादोन ते अडीच तास धरतो. सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी सर्व्हिस रोडवर उतरावे लागते, तेही यात आले.

निपाणीहून उजळाईवाडी पस्तीसेक किलोमीटर, पाऊण तास. निपाणीहून सांबरा ऐंशीच्या पुढे, पावणेदोन तास. संकेश्वर मात्र अगदी मध्यावर आहे. सरळ रेषेने मोजले तर दोन्ही विमानतळ तिथून ४८ किलोमीटरच्या आसपास येतात. संकेश्वरच्या उत्तरेला राहणाऱ्याला कोल्हापूर जवळ, दक्षिणेला राहणाऱ्याला बेळगाव. गडहिंग्लजचे आमचे पाहुणे यावरून अजून भांडतात, त्यांना दोन्ही सारखेच पडते.

दोन विमानतळ इतके जवळ का, असे तरुण मुले विचारतात. याचे कारण दोन्ही वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या गरजेपोटी बांधले. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानचा. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली तो सुरू झाला आणि आज त्यांचेच नाव त्याला आहे. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली ती प्रशिक्षणासाठी तयार केली. स्वातंत्र्यानंतर तिथे भारतीय हवाई दल आले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईत पुण्याबरोबर सांबऱ्याचा तळही वापरला गेला. हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आजही शेजारी आहे. एक राजाने बांधला, दुसरा लष्कराने, आणि दोघांनीही निपाणीच्या प्रवाशाचा विचार केला नव्हता. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोन्हींच्या मधून सीमारेषा गेली, मग प्रत्येक राज्याने आपापला विमानतळ वाढवायचा हे ओघानेच आले.

सांबऱ्याची धावपट्टी वाढवून २,३०० मीटर केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. कोल्हापूरची धावपट्टी बरीच वर्षे १,३७० मीटरच होती, ती आता १,९३० मीटरच्या आसपास आहे. १० मार्च २०२४ या एकाच दिवशी पंतप्रधानांनी कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन केले आणि बेळगावच्या आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणीही केली. दोन्ही गावांत त्या दिवशी पेढे वाटले असतील.

धावपट्टीच्या लांबीचा प्रवाशाशी काय संबंध? आहे. आपला भाग पठारावर आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून थोडे वर, उजळाईवाडी सहाशेच्या आसपास. उंचीवर आणि एप्रिल-मेच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमानाला जास्त लांब धावावे लागते. पट्टी लहान असली तर वजन कमी करावे लागते, म्हणजे कमी प्रवासी, कमी सामान, नाहीतर लहान विमान. पंख्याचे एटीआर किंवा पन्नास आसनांचे छोटे जेट आपल्याकडे जास्त दिसते त्याचे हे एक कारण. दुसरे कारण अर्थातच प्रवाशांची संख्या.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो त्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. बेळगाव-बेंगळुरू एक तास दहा मिनिटे लिहिले असेल तर विमान एक तास दहा मिनिटे उडते असे नाही. विमान जागेवरून हलले तिथपासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा हा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर फिरून येणे सगळे आले. मोठ्या विमानतळावर रांग मोठी, म्हणून कंपन्या हा वेळ थोडा सैल ठेवतात. प्रत्यक्ष उड्डाण पाऊण-पाऊण तासाचेच असते. म्हणूनच कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचते आणि आपण वैमानिकाचे कौतुक करतो.

याच कारणाने सांबरा-उजळाईवाडी असे विमान कोणी चालवत नाही. ताशी पाचशे किलोमीटरने ९६ किलोमीटर म्हणजे साडेअकरा मिनिटे. पण वर चढणे, खाली उतरणे आणि जमिनीवरचे फिरणे धरून अर्धा तास तरी जाणार. त्याआधी तासभर विमानतळावर बसायचे. तेवढ्यात मोटार संकेश्वर ओलांडून जाते.

मुख्य हिशेब उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा. बेंगळुरूतून निपाणीला येणारा मुलगा धरा. घरापासून देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत पावणेदोन तास, तिथे दीड तास आधी पोचायचे, ही बेरीज सव्वातीन तास. कोल्हापूरचे विमान असेल तर पुढे एक तास पंचवीस मिनिटे, सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटे आणि निपाणीपर्यंत पाऊण तास. एकूण पावणेसहा तास. बेळगावचे असेल तर विमानात पाव तास कमी, कारण बेंगळुरूहून सांबरा ४४४ किलोमीटर आणि उजळाईवाडी ५३१. पण रस्त्याला तासभर जास्त. एकूण साडेसहा तास. म्हणजे नकाशावर दुपटीहून जास्त दूर दिसणारा सांबरा प्रत्यक्षात पाऊण तासाने मागे आहे. मुंबईहून येणाऱ्याचे उलटे. त्याला कोल्हापूर हवेतही जवळ आणि जमिनीवरही जवळ. निपाणीच्या मुंबईकराने सांबऱ्याचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा कोल्हापूरचे विमान त्या दिवशी नसेल.

हा पाऊण तास आम्ही एवढा घोळवून सांगतो त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात आमची थोरली बहीण, अक्का, निपाणीत पहाटे पाच वाजता गेली. मोठा भाचा बेंगळुरूला. फोन झाला तसा त्याने मोबाइलवर नकाशा उघडला. सकाळी नऊच्या सुमाराला बेळगावचे विमान होते, त्यात जागा होती. साडेअकराला कोल्हापूरचे होते. कोल्हापूर निपाणीपासून पस्तीस किलोमीटर, बेळगाव ऐंशी. शिवाय नऊचे गाठायला धावपळ झाली असती. त्याने जवळचे म्हणून कोल्हापूरचे काढले. कोणीही तेच केले असते, आम्हालाही त्याने विचारले आणि आम्हीही हो म्हणालो. बेळगावने आला असता तर सव्वाबाराला दारात, कोल्हापूरने दोनला. दाजी म्हणाले, दोन तर दोन, थांबू.

विमान वेळेवर सुटले. कोल्हापूरवर ढग इतके खाली होते की वैमानिकाला पट्टी दिसेना. थोड्या घिरट्या घातल्या आणि विमान परत बेंगळुरूला गेले. भाच्याचा फोन आला तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि घरासमोर माणसे छत्र्या घेऊन उभी होती. तो तिथूनच भाड्याची गाडी करून निघाला. बेंगळुरू-निपाणी सुमारे ५८० किलोमीटर, धड दिवसाला दहा तास, त्यात पाऊस. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग धाकट्याने अग्नी दिला. मोठा रात्री दीडला पोचला. चपला काढून ओसरीवर बसला. दाजी त्याला काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

यात दोष कोणाचा नव्हता. पट्टी दिसत नसताना विमान खाली आणणे हा शहाणपणा नव्हे. पण नंतर बसून हिशेब केला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे तो सकाळी सहाला सरळ मोटारीने निघाला असता तर चार-साडेचारला घरात असता. दुसरी अशी की सकाळचे विमान चुकले किंवा परत फिरले तरी हातात दिवस उरतो, दुपारचे फिरले तर उरत नाही. बँकेत आम्ही कर्ज देताना व्यवसाय चांगला चालला तर हप्ता कसा येईल हे पाहत नसू, नाही चालला तर कसा येईल ते पाहत असू. प्रवासाच्या वेळी मात्र सगळे चांगलेच होईल असे धरून अंतर मोजले. त्या दिवशी सांबऱ्याचे विमान उतरले होते. पण पावसाळ्यात उलटेही घडते, बेळगावचा पाऊस काही कोल्हापूरपेक्षा सौम्य नाही. तेव्हा यावरून बेळगाव चांगले आणि कोल्हापूर वाईट असा अर्थ कोणी काढू नये.

मोटारीचा मार्गही नेहमी खात्रीचा असतो असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. यमगर्णी निपाणीच्या उत्तरेला आहे हे लक्षात घ्या. म्हणजे तेव्हा निपाणीकराला जवळचे कोल्हापूर बंद आणि लांबचे बेळगाव त्या मानाने बरे. जुलै-ऑगस्टचे तिकीट काढताना नदी कोणत्या बाजूला आहे हेही पाहावे. उजळाईवाडीला पंचगंगेची अडचण नाही, तो पूल शहराच्या पलीकडे पुण्याच्या बाजूला आहे. पण दूधगंगा आणि वेदगंगा दोन्ही निपाणीच्या वाटेवर आहेत.

आणि हद्द. हद्दीचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, पण वेळेत मोजता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला, तेव्हा कोगनोळीला गाड्या अडवल्या जात. कोल्हापूरला उतरून घरी पस्तीस किलोमीटर यायला कागद लागत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून वातावरण तापले तेव्हा दोन्हीकडच्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या. अशा वेळी निपाणीकराला सांबरा बरा, कारण वाटेत हद्द नाही. एरवी काही अडचण येत नाही. भाड्याची गाडी मात्र ठरवताना दुसऱ्या राज्याचे परमिट आहे का आणि दोन्ही टोल भाड्यात धरलेत का, हे आधीच विचारून घ्यावे. नंतर वाद घालण्यात पंधरा मिनिटे जातात, तीही प्रवासातच मोजायची.

विमान त्या दिवशी आहे की नाही, हा तर सगळ्यात आधीचा प्रश्न. बेळगावला २०१९ पासून 'उडान' योजनेत बरीच शहरे जोडली गेली. या योजनेत काही आसने ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायची आणि कंपनीचा तोटा सरकारने भरून द्यायचा, पण तीन वर्षेच. मुदत संपली की कंपनी आपला हिशेब करते आणि न परवडणारा मार्ग सोडते. बेळगावचे काही मार्ग असेच बंद झाले. आठवड्यातून तीनच दिवस जाणारी विमानेही आहेत. म्हणून गेल्या वर्षी पाहुणा कसा आला होता यावर भरवसा ठेवू नये, त्या तारखेचे वेळापत्रक पाहावे.

परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी आणखी एक सूचना. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी आणि मोपाचा मनोहर विमानतळ, जो जानेवारी २०२३ पासून चालू आहे. तिकिटावर नुसते गोवा दिसते, पण दाबोळीचे चिन्ह जीओआय आणि मोपाचे जीओएक्स. दोन्हींत सरळ रेषेने ४० किलोमीटर आहेत, रस्त्याने दीड तास धरावा. बेळगावहून मोपा सरळ रेषेत अवघा ८२ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरपेक्षा जवळ! पण मध्ये सह्याद्री उभा आहे. चोर्ल्याने उतरा किंवा तिलारीकडून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतात आणि तीन तास लागतात, पावसाळ्यात जास्तही. निपाणीहून जायचे तर संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा मार्ग आहे. आंबोलीच्या धुक्यात रात्री गाडी घालू नये, आम्ही एकदा घातली आहे.

मुंबईचेही तसेच झाले आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला. मुलगी परदेशातून सहारला उतरणार आणि पुढचे कोल्हापूरचे किंवा बेळगावचे विमान नवी मुंबईहून, असे तिकीट निघाले तर मध्ये सारे सामान घेऊन मुंबईच्या रहदारीतून खाडीपलीकडे जायचे आहे. दोन विमानांमध्ये तीन तास दिसले की संगणक ते जोडून दाखवतो. त्याला ठाणे-बेलापूर रस्ता ठाऊक नसतो. अशा वेळी किमान सहा तास ठेवावेत, नाहीतर रात्री मुंबईत मुक्काम करून सकाळचे विमान घ्यावे. भाचा आता तसेच करतो. बेळगावचे आयएटीए चिन्ह आयएक्सजी, कोल्हापूरचे केएलएच. तिकीट हातात आले की आधी ही तीन अक्षरे आणि सुटण्याच्या विमानतळाचे नाव वाचावे, भाडे नंतर.